कार तिरकी करताना

आमच्या बाबांनी इथे सिंगापूरच्या हौगांगमध्ये चक्क कार तिरकी करायला लावली होती.

आई गेल्यावर त्यांना पुण्याहून इकडे आणलं, पण ते फ्लॅटबाहेर पडतच नव्हते. एका रविवारी मी त्यांना बळेच खाली नेलं. कार पार्कमध्ये शेजारचे मिस्टर लिम त्यांच्या जुन्या जपानी गाडीशी झटत होते. एवढीशी गाडी, इंजिन मागे, तेही टू-स्ट्रोक. सुरूच होईना.

बाबांनी वास घेतला. "आपल्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल घालतात का रे?"

"हो."

"मग तिरकी करा."

"बाबा, कार आहे ती."

"हलकी दिसतेय. धर तिकडून."

मी लिमना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. "ट्राय लाह." म्हणजे, बघू तर करून.

वाटेने जाणारे दोघेजण मदतीला आले. आम्ही एक बाजू जेमतेम उचलली आणि खाली ठेवली. लिमनी किल्ली फिरवली, तशी धूर सोडत गाडी सुरू झाली. कितीतरी महिन्यांनी बाबा हसले. लिमनी त्यांच्यासाठी दार उघडलं, "कम, अंकल."

दुपारी मी फोन केला. "बाबा, जेवायला येताय ना?"

"तुम्ही जेवून घ्या. आम्ही चांगीला समुद्रावर आहोत. गाडी पुन्हा बंद पडलीये, पण आम्हाला काही घाई नाही."