सतरा नंबरचं जॅकेट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, मराठी मंडळाच्या आदरणीय हेमाताई, बलदियाचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, इन्स्पेक्टर माननीय शौकतसाहेब, सत्कारमूर्ती केरूभाऊ, आणि सोनापूर लेबर कॅम्पच्या या मेसमध्ये माझ्या विनंतीला मान देऊन ड्युटीची जॅकेटं घालून आलेल्या माझ्या लोडर बांधवांनो. मागच्या बाकावरच्यांनी जरा सरकून घ्या, एकाला जागा होईल. कंपनीचे साहेब कामात अडकलेत असा निरोप आहे. त्यांचेही आभार.

केरूभाऊ आमचे स्टोअरकीपर. एकोणनव्वद साली आले, आणि बारा वर्षं विमानतळावरच्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती. आत काय? चमकपट्टीची एक्केचाळीस जॅकेटं. ती आम्हाला कधी मिळायची? बलदियाची गाडी येणार असेल त्या दिवशी. तपासणी झाली की यल्ला, चला, काढा आणि जमा करा. नवी राहायला हवीत ना! शौकतसाहेब, हेमाताई तुम्हाला हे हिंदीत सांगताहेत, पण तुम्हाला ते आता ठाऊकच आहे.

या जानेवारीत तपासणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे धुकं उतरलं. बॅगांचा ट्रॅक्टर मी चालवत होतो. पुढे आमचा गणू चालला होता, काळपट शर्टात. तो मला दिसलाच नाही. हे मी चारचौघांत पहिल्यांदा बोलतोय. गणू जागीच गेला आणि मला पोलिसांनी आत टाकलं.

आठव्या दिवशी शौकतसाहेब चौकशीला आले. कपाट उघडलं. चाळीस जॅकेटं वाटली, माझं बदली ड्रायव्हरला. गणूचं सतरा नंबरचं आत खुंटीला राहिलं. रोज देता का, असं साहेबांनी विचारलं, आणि केरूभाऊ हो म्हणाले. भाऊ, रागावू नका, तुम्हीच मला सांगितलंत.

त्या संध्याकाळी जमा झालेली जॅकेटं त्यांनी मोजली. एक्केचाळीस. ढिगात सगळ्यात खाली सतरा नंबर, घामाने चिंब, आतून अजून गरम. कपाटाला दिवसभर कुलूप होतं. खुंटी रिकामी. केरूभाऊ मला नंतर म्हणाले, "गणू ड्युटी करून आला होता रे. मी त्याच्याकडूनही परत घेतलं."

सकाळी ते बलदियाच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. "साहब, ड्रायव्हर की गलती नहीं. जॅकेट मैंने वापस लिया था."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी सुटलो. कपाट खलास, बलदियाच्या हुकमाने जॅकेट आता ज्याचं त्याच्या खाटेशी असतं. सतरा नंबरचं गणूच्या सामानाबरोबर त्याच्या घरी गेलं. आणि केरूभाऊंचा व्हिसा कंपनीने वाढवला नाही. मला सोडवायला या माणसाने बारा वर्षांची नोकरी घालवली. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि स्वतःची लाजही वाटते. उद्या त्यांची पेटी आम्हीच विमानात चढवणार आहोत.

आता आभार मानतो आणि बसतो. फक्त एकच. तुम्ही समोर एकोणचाळीस, इथे मी चाळिसावा. बोलता बोलता तीनदा मोजलं. समोरच चाळीस जॅकेटं आहेत. केरूभाऊ, तुम्हीही मघापासून मागच्या बाकाकडेच बघताय. बघा. आज त्याच्याकडून काही परत घ्यायचं नाही.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, मोजण्यात चुकलो असेन, तर पदरात घ्या. जेवणाची पानं मात्र मी एकाने वाढवायला सांगितली आहेत. ते पान कोणी उचलू नका.