गाडीही बाहेरची

परदेशातल्या त्या विमा कचेरीत माझा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर एक मराठी विद्यार्थी आणि त्याची मोठी बहीण बसली होती. तिच्या मांडीवर कागदांची फाइल.

"ताई, गाडीच्या कर्जाला जामीन म्हणून तुझी एक सही. बस."

"करते रे, पण मला कळू तर दे. बँक म्हणते, आधी विमा काढा. विमावाले म्हणतात, आधी गाडी नावावर करा. म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्नाशिवाय वेड जात नाही!"

"दोन्ही एकदमच होतं."

"आणि विमा एवढा? गाडीला दारं तर दोनच आहेत."

"स्पोर्ट्स कार आहे. गाडी बाहेरची, मी बाहेरचा, माझं लायसन्सही बाहेरचं. ते घाबरतात."

"मीही घाबरलेय. मागे कोण बसणार?"

"मागे सीटच नाही."

"मग आईबाबा आले की?"

"एकेकाला फिरवीन."

"बरं. हे चौऱ्याऐंशी काय आहे?"

"हप्ते. महिन्याला एक."

"म्हणजे... थांब हं... सात वर्षं? तुझा कोर्स तर दोनच वर्षांचा. बँकेला चाललं कसं?"

"नोकरीचं पत्र जोडलंय."

"कुठल्या नोकरीचं?"

"इथल्याच."

"कधी मिळाली?"

"झाले तीन महिने."

"अरे, पण आईने तिकडे तुझी खोली रंगवायला काढलीय."

"ताई, आपला नंबर आला. सही कर ना."

"पेन दे. आणि कालपासून मला विचारतेय ती. रंग कुठला सांगू?"