मावशीच्या ओट्याजवळची उंच बाई

घराच्या चित्रात माणसं काढायचा कंटाळा येतो म्हणता? मग माझ्या दुधनीच्या मावशीचं ऐका. मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तिच्या नव्या घराचं स्वयंपाकघर मी काढत होतो. तिनं होकार दिला, की दुसऱ्या दिवशी गवंडी ओटा बांधणार होता. घाईत माणूस कोण काढत बसणार? इंटरनेटवरची एक तयार बाई उचलली, चित्रात उभी केली आणि तिच्याच मापानं ओटा काढला.

मावशीनं कागद हातात घेतला.

"ही उंचाडी कोण रं, माझ्या ओट्यापाशी?"

"कुणी नाही गं. नुसती मापाला."

"माप तिचं आन् भाकरी थापायची मी, व्हय? हितं मला काढ."

मी चिडलोच. उजेडाचा, हवेचा एवढा विचार केलेला, आणि हिला स्वतःचं चित्र हवंय! तरी टेप लावून तिची उंची घेतली. चार फूट आठ इंच. तेवढीच मावशी काढली.

"आता कसं, घर माझं वाटतंय की!" मग तिनं चष्मा पुढं ओढला. "पण ओटा माझ्या छातीला का टेकलाय रं?"

मी खोडरबर उचललं.

"ए, मला नको खोडू," मावशी म्हणाली, "ओटा खोड!"