मातकट सदरा

धुण्यावरून आठवलं. फुलसावंगीजवळच्या एका खाजगी तलावाच्या जुन्या मातीच्या बांधाची आमच्या साहेबांनी गाडीत बसून पाहणी केली. मालक म्हणाले, “माह्या आजोबानं बांधला. झिरपते जरासा, पण पाणी काचेवाणी!”

मी ‘सुस्थितीत’ लिहीत होतो, तोच मालकांचं धुणं धुणारी शांताबाई बांधाखालच्या झिरपाच्या पाण्यावरून वर आली. “मालक, आज कपडे मातकट काहून निघून राह्यले?”

“दुसरीकडे धू ना मंग!”

माझं पेन थांबलं. झिरपणारं पाणी गढूळ, म्हणजे ते बांधाची माती आतून घेऊन येत होतं. खाली पंधरा घरं. ओरडून माणसं बाहेर काढली. तासाभरात बांध फुटला.

पंचनाम्याला मालक म्हणाले, “मले आगाऊ सूचना कोठं होती?”

शांताबाईनं मातकट सदरा पुढे धरला. “तुमच्याच सदऱ्यावर होती ना, मालक.”