सात नावांत वृंदा नाही

शरदचंद्र : रविवारी जिल्ह्याची फायनल आहे, सरस्वती. आणि तू मला आज येऊन सांगतेस, वृंदाला बाहेर बसवा?

सरस्वती : बसवा नाही सर. मी बसवलंय. कॅप्टन मी आहे, सात नावं मी देते. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, म्हणून तुम्हाला आधी सांगायला आले.

शरदचंद्र : अगं, या सीझनचे निम्मे पॉइंट तिच्या चढायांचे आहेत. तिचे वडील माझ्या कारखान्यात ऑफिसर आहेत म्हणून नाही म्हणत मी. तुला ती काहीतरी बोलली, कळलं मला. मी तिला झापतो. पण घरचं मत घरी, खेळ मैदानावर. आपण इथे कबड्डी खेळतो.

सरस्वती : मीपण तेच म्हणत होते इतकी वर्षं. ती माझ्या बाटलीतलं पाणी पीत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? प्रॅक्टिस संपली की नळ शोधत फिरायची. मी कधी तोंड उघडलं? साखळीत तिचा हात धरला. तिचा पाय मुरगळला तेव्हा अंबरनाथपर्यंत रिक्षाने सोडून आले.

शरदचंद्र : मग आताच असं काय झालं?

सरस्वती : संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं, बाबासाहेबांचं नाव लागलं. आमच्या चाळीत ढोल वाजले. आई म्हणाली, सगळ्या पोरींना पेढे दे. मी ग्राउंडवर घेऊन आले. वृंदाने सगळ्यांचा तिळगूळ घेतला. माझा पेढा आला तशी म्हणाली, ‘तुमच्या लोकांच्या हातचं आमच्याकडे चालत नाही.’ आणि वर, ‘नोकऱ्या फुकट मिळतात, आता विद्यापीठपण मिळालं.’ मंडळाचा टी-शर्ट अंगात होता सर तिच्या. समोर सगळ्या ज्युनियर पोरी.

शरदचंद्र : जीभ घसरली असेल.

सरस्वती : त्या दिवसापासून त्या ज्युनियर पोरींतली जनी आली नाही. तुळशी आली नाही. मी घरी गेले बोलवायला. जनीची आई म्हणाली, ‘पोरीला हे ऐकायला पाठवू का?’ काय सांगू मी तिला? वृंदाच्या चढाया चांगल्या आहेत म्हणून?

शरदचंद्र : रविवारी रेल्वेची माणसं येणार आहेत. एक चांगली मॅच झाली तर पोरीची नोकरी पक्की. तू तिच्या पोटावर पाय देतेयस.

सरस्वती : ती माणसं मलाही बघायला येतायत सर. हरलो तर माझंही गेलंच ना?

शरदचंद्र : ही बघ, आलीच ती. वृंदा, ये इकडे. दोघी माझ्यासमोर बोला आणि मिटवा.

वृंदा : मला टीममधल्या पद्मजाकडून कळलं. सरू, तू स्वतः सांगायला हवं होतंस.

सरस्वती : सांगते. रविवारी तू खेळत नाहीस.

वृंदा : सॉरी म्हणते. झालं?

सरस्वती : कशाबद्दल?

वृंदा : तुला वाईट वाटलं त्याबद्दल.

सरस्वती : मला वाईट वाटलं ते माझं मी बघेन. तू जे बोललीस ते चुकीचं होतं, एवढं त्या पोरींसमोर बोल.

वृंदा : पण मला नाही वाटत चुकीचं! लहानपणापासून घरात तेच ऐकलंय. आता मॅच खेळायला मिळावी म्हणून पोपटासारखं बोलू?

शरदचंद्र : वृंदा, बोलून टाक ना. कोण बघतंय मनात काय आहे ते?

सरस्वती : नको सर. खोटं नकोच.

वृंदा : म्हणजे मला जे वाटतं त्याची शिक्षा.

सरस्वती : वाटतं ते तुझ्या डोक्यात होतं तोवर मी काही म्हटलं? तू ते पोरींच्या तोंडावर फेकलंस, त्याची आहे. आणि फुकटचं म्हणालीस ना, तू रेल्वेत कशातून लागणार आहेस? खेळाडूंच्या राखीव जागेतूनच ना? ती फुकट आहे का?

वृंदा : मी घाम गाळलाय त्याच्यासाठी.

सरस्वती : माझ्या दादाने आयटीआय केलं तेव्हा सकाळी क्लास आणि दुपारपासून पापडाच्या कारखान्यात. त्याचा घाम नाही दिसला तुला.

शरदचंद्र : बस्स. मी अध्यक्ष म्हणून सांगितलं, वृंदा खेळणार, तर?

सरस्वती : तर सात नावांत माझं नसेल. लिहून घ्या.

(रविवारची संध्याकाळ. कल्याणच्या मैदानाबाहेर.)

शरदचंद्र : तीन पॉइंटनी गेली! हातातली मॅच. रेल्वेवाले तर मध्यंतरालाच उठले. मिळालं समाधान?

सरस्वती : हरल्याचं कसलं समाधान सर?

शरदचंद्र : कमिटी तुझं कॅप्टनपद काढणार. मी अडवू शकत नाही. खरं सांगायचं तर अडवणारही नाही.

सरस्वती : काढा. प्रॅक्टिसला मी येणारच. कॅप्टन नसले तरी ज्युनियर पोरींना शिकवायला कोणाची परवानगी लागत नाही.

शरदचंद्र : हट्टी आहेस तू. पाणी पी, चेहरा बघ तुझा. मी बाकीच्यांना टेम्पोत बसवतो.

वृंदा : सरू.

सरस्वती : दिसलीस मला. मागे कठड्यापाशी उभी होतीस.

वृंदा : मला वाटलं, पंधरा मिनिटांत तुमचा चुरा होईल. शेवटची पकड तू एकटीने केलीस. मी असते तर ती मॅच आपण...

सरस्वती : जिंकलो असतो. मला माहिताय.

वृंदा : पश्चात्ताप होतोय?

सरस्वती : हरल्याचं दुःख होतंय. उद्या परत फायनल असली तरी तुझं नाव देणार नाही.

वृंदा : मी काय आता बदलले बिदलले असं समजू नकोस. बाबा जे बोलतात ते माझ्या डोक्यातून असं एका दिवसात नाही जात. पण मी बोलले तेव्हा जनीने माझ्याकडे कसं बघितलं ना... तिला पहिली चढाई मी शिकवली होती गं. आता झोपताना तिचंच तोंड येतं समोर.

सरस्वती : हे मला का सांगतेस?

वृंदा : मग कोणाला सांगू?

सरस्वती : तिला.

वृंदा : घरी जाऊन? बाबांना कळलं तर...

सरस्वती : ते तुझं तू बघ.

वृंदा : कुठे राहते ती?

सरस्वती : कॅम्प पाचच्या वस्तीत, पिठाच्या गिरणीच्या मागे. कोणीही दाखवेल.

वृंदा : तू येशील सोबत?

सरस्वती : नाही.

वृंदा : आणि त्यांनी दारच उघडलं नाही तर?

सरस्वती : मग बाहेर थांब थोडी.