बिननावाची बाटली

आता तुम्हीच सांगा ताई, माणसानं भरवसा ठेवायचा कुणावर? डॉक्टरवर, घरच्यांवर, की स्वतःच्या अकलेवर? — नाही, चहा नको — मी चाळीस वर्षं एकाच माणसावर ठेवला, भाऊसाहेबावर, म्हणजे माझ्यावरच, आणि त्यानंच आज मला बुडवलं. तुम्ही मला तोंडानं ओळखता. घोडेगावात पेंडीचं दुकान आहे माझं, सरकी, भुसा, गूळ, जनावरांची खनिज पावडर. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. महिन्याला एकदा नगरला येतो, तुमच्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत येतो, आणि तुम्ही बसलेल्या दिसलात की सरळ पुढं जातो, कोपऱ्यावर उसाचा रस पितो, तुमचे वडील येऊन बसले की मग परततो. होय, तो मीच. हसा, हसा. सहा महिने रस पितोय तुमच्यापायी. पण आज वडील गावाला गेलेत म्हणता, आणि मला थांबायला वेळ नाही. आत कुणी ऐकत नाही ना? बरं.

लघवीचं दुखणं आहे माझं. बोललो बघा, एकदाचं बोललो. प्रोस्टेट वाढलंय म्हणाले डॉक्टर, साठीनंतर कुणाचंही वाढतं म्हणाले. आमच्या बाजारात म्हैस विकायची असली की लबाड व्यापारी दोन वेळा धार काढत नाही, कास कशी टम्म दिसते, गिऱ्हाईक भुलतं — तसं माझं झालं होतं, फरक एवढाच की म्हशीची धार काढता तरी येते. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं, आणि मी दर अर्ध्या तासाला मागच्या बोळात. बायको म्हणायची, "गल्ल्यापरीस बोळातच जास्त बसताय तुमी." त्यात एकदा सर्दी झाली, शेजारच्याकडून त्याची गोळी मागून खाल्ली, तर लघवी बंदच, पार बंद. नळी घालून काढावी लागली. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं — बाबा, मला विचारल्याशिवाय सर्दीचीसुद्धा गोळी खायची नाही. ते मी पाळलं. अगदी पाळलं. म्हणून तर वाटलं, आपल्याइतका शहाणा रोगी नगर जिल्ह्यात नसेल.

ही डॉक्टरांची चिठ्ठी बघा. हीच गोळी ना तुमच्याकडची? फिनास... ते नाव माझ्या जिभेवर बसत नाही, तुम्हीच वाचा. हां, फिनास्टेराइड. रोज एक. आता चूक कुठं झाली ते सांगतो, आणि ती माझ्यासारख्या व्यापाऱ्याकडूनच व्हायची, मास्तराकडून झाली नसती. आमच्या धंद्यात पोतं आलं की पहिलं काम काय? बारदान बदलायचं. मिलचं नाव छापलेलं पोतं दुकानात दिसलं की गिऱ्हाईक उद्या थेट मिलवर जातं. म्हणून माल साध्या पोत्यात ओतायचा, नावाचं पोतं घडी करून मागं टाकायचं. नाव गेलं की माल आपला. मी गोळ्यांचं तेच केलं. इथून निघालो की स्टँडवर बाकावर बसायचो, एकेक गोळी दाबून काढायची, जिरेगोळीच्या रिकाम्या बाटलीत भरायची, आणि पट्टी, खोकं, आतला तो बारीक अक्षरांचा कागद, सगळं स्टँडच्या कचऱ्याच्या डब्यात. घरी काय सांगितलं? ताकदीच्या गोळ्या. बायको म्हणाली, "एवढी ताकद कुनाला दाखवायची हाय आता?" पण विश्वास बसला. माझ्यावर बसतो हो लोकांचा विश्वास, तीच तर माझी कमाई.

आणि मला गोळी गिळता येत नाही. लहानपणी बोराची बी घशात अडकली होती, तेव्हापासून अख्खं काही उतरत नाही. मग बायको, भागिरथी, गोळी कुटून गुळात कालवून द्यायची — बैलाला नाही का देत आपण, तसंच. तीन महिने तिनं दिली. मग ती ओट्यावरून घसरली, मनगट मोडलं, प्लास्टर. तेव्हापासून सूनबाई. धनश्री. राहुरीची पोर, बी.कॉम. आहे, दुकानाचं ते जीएसटीचं सगळं तीच बघते, मला पप्पा म्हणते. सकाळी पूजा झाली की पोळपाटावर कागद, कागदावर गोळी, वरून लाटण्यानं अगदी मैद्यासारखी करायची, गुळात मळायची, लाडू करून वाटीत आणून द्यायची. आणि मग... असं बघा... बोटाला गूळ चिकटलेला राहायचा ना, तो ती चाटून टाकायची. हसत. "पप्पा, तुमच्या ताकदीतला माझा वाटा." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, ताई.

तिला चौथा महिना सरत आलाय.

तुमचा चेहरा बघूनच कळतंय मला. डॉक्टरांचाही असाच झाला आत्ता. मी तर कौतुकानं सांगायला गेलो — म्हणलं, साहेब, तब्येत झकास, सूनबाई गोळी गुळातून देते, पोटुशी आहे तरी कंटाळा करत नाही. त्यांचं पेन थांबलं. "कुटते? हातानं?" म्हणाले. मग म्हणाले, ही गोळी अख्खी असली तर हात लागून काही होत नाही, वर आवरण असतं. पण फुटलेली, कुटलेली असली तर गरोदर बाईनं शिवायचीही नाही, कातडीतून आत जाते. पोटात मुलगा असला तर त्याची... त्याची जी घडण व्हायची असते ना, ती बिघडू शकते. बहुतेक काही होणार नाही म्हणाले, घाबरून जाऊ नका म्हणाले — पण हे बोलता बोलता त्यांचा हात फोनकडं गेला होता. बाळंतपणाच्या डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात लावला, चारची वेळ घेतली. मी रविराजला, पोराला, सांगितलं, धनश्रीला घेऊन नगरला ये. का, ते सांगितलं नाही. नेहमीची तपासणी म्हणलं.

स्टूल द्या जरा. हां.

ताई, माणूस किती खालच्या थराला जातो सांगू? तुमच्याकडं यायच्या आधी रसवाल्यापाशी उभा होतो, आणि डोक्यात एकच — मुलगी असली तर धोका नाही. मग कळायला हवं ना, मुलगा की मुलगी? म्हणून तुम्हाला विचारणार होतो, कुठं गुपचूप सांगतात का म्हणून. नका, नका, डोळे मोठे करू नका, नाही विचारत. गुन्हा आहे, माहीत आहे, आणि त्या गुन्ह्यापायी आपल्या भागात किती पोरी गेल्या तेही माहीत आहे. नातवाचं नाव ठरवून बसलेला माणूस मी. बारशाला बाजारातल्या सगळ्या दलालांना जेवण घालायचं म्हणून भटारीसुद्धा बोलून ठेवलाय. आणि आज भर रस्त्यात हात जोडून म्हणतोय, देवा, पोरगी दे. चाळीस वर्षांत देवाकडं असलं काही मागितलं नव्हतं. रसवाला बघत राहिला.

आता जे खरं कामाचं, ते. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस कुटतेय? आणि माझ्या तोंडातून पटकन निघालं — दोन-चारदाच. मधले तीन महिने गोळ्या बंदच होत्या साहेब, परवा सुरू केल्या. का बोललो? भाव घसरला की व्यापारी पहिला आकडा खोटाच सांगतो, सवय हो. तेव्हा ते म्हणाले, मेडिकलमधून बिलं काढून आणा, तारखा बाईंना दाखवाव्या लागतील, कुठल्या आठवड्यात किती गेलं त्यावर सगळं आहे. म्हणून मी आलो. तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये मागची तीन बिलं आहेत ना माझ्या नावावर... ती दिसली नाहीत तर... म्हणजे ती निघतात का तिथून? एक बोट दाबायचं काम असेल. रविराजला कळलं की मी लाजेपायी घरात खोटं बोललो, तर तो माझं तोंड बघणार नाही. भागिरथी तर...

थांबा, फोन. तिचाच. — हां बाळा, बोल. कुठवर आलात? शेंडी गावापाशी? बरं, बरं. जेवलीस का? — काय? — कुठली डबी? — नाही, मी सकाळी... हो, विसरलो होतो घ्यायची... तू करून आणलीस? गुळात? — धनश्री, ऐक. ती डबी कुठं आहे? पर्समध्ये? हात लावू नकोस तिला. अगं नको, झाकण लागलंय का ते बघूसुद्धा नकोस. रविराजला दे पर्स. दे म्हणतो ना! — नाही गं, रागावलो नाही. — गोळी खराब नाही बाळा, गोळी चांगली आहे. तुझ्यासाठी चांगली नाही. — ताकदीची नाही ती. ती माझ्या... माझ्या लघवीच्या दुखण्याची आहे. प्रोस्टेटची. मी खोटं बोललो घरात. — हो. — हो, पोटातल्याला. म्हणूनच बोलावलंय. बहुतेक काही नाही म्हणालेत, ऐकतेस ना, बहुतेक काही नाही — रडू नको — टेम्पोतून उतरलीस की आधी हात धू, साबणानं, दोनदा. रविराजला दे फोन. — धनश्री? — हॅलो?

...ठेवला. कुणी ठेवला कळलं नाही. त्यानं की तिनं.

तीनला दहा कमी आहेत. चारला बाई बसतात, आणि तिथं मी तोंड उघडलं की माझ्या तोंडून पुन्हा खोटंच निघेल, माझी मला खात्री नाही. म्हणून तुम्ही लिहा, ताई. नाही, त्या बिलांना हात लावू नका, मघाचं विसरा, एकही काढू नका. कोरा कागद घ्या, दुकानाचा शिक्का मारा, आणि लिहा. भागिरथीचं मनगट मोडलं तो मंगळवार. त्या आठवड्यातलं बिल बघा, तारीख टाका. तिथून रोज एक, एकाही दिवसाचा खाडा नाही. कुटलेली. गुळातून. बोट चाटलेलं, तेही लिहा, लाजू नका, मी लाजलो त्यानं हे झालं. माझ्याकडं बघू नका, स्क्रीनकडं बघा. मी मध्ये काही म्हणालो, हात धरला, पाया पडलो, तरी ऐकू नका. हिशोब खरा मांडा, ताई, एकसुद्धा गोळी कमी लिहू नका.