हलगीच्या आधीचा आवाज

दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची नात एकाच मोबाईलवर गाणं ऐकत होते.

“आबा, तुमच्या बँडची पहिली रेकॉर्ड पुण्याची पोरं पुन्हा काढतायत, आन् तुम्ही तोंड पाडून बसलाय.”

“तवा कुणी हात लावला न्हाई तिला. गिटारवाले म्हणायचे, हलगी कशाला. हलगीवाले म्हणायचे, गिटार कशाला.”

“आता त्यालाच भारी रॉक म्हणत्यात.”

“मग सुरुवात का कापली?”

“कापली न्हाई, साफ केली. हलगीच्या आधी नुसती चरचर होती. रेकॉर्ड घासली आसंल.”

“घासली न्हाई. त्यो जाळ हाय, गौतमी.”

“कसला जाळ?”

“दमट हवेनं कातडं सैल पडलेलं, हलगी भद्द वाजत होती. मी स्टुडिओतच कागद पेटवून शेकली. स्टुडिओचा सायेब बोंबलत दाराशी आला. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या गिटारवाल्या पीटरनं दाराला आतनं कडी घातली. रेकॉर्डिंगवाल्याला म्हणला, ह्यो जाळ बी रेकॉर्ड करा.”

“त्या पोरांना हे कसं कळावं? परवानगी मागत्यात, हो म्हणा आता. पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारतंय.”

“आजून पन्नास थांबू. लाव फोन त्यांना.”

“काय सांगू?”

“म्हणावं, जाळ परत लावा. शेकल्याबिगर आमची हलगी वाजत न्हाई.”